सागरी सस्तन प्राण्यांवर संशोधन करणाऱ्याने विज्ञान शिक्षकांच्या प्रशिक्षणात काय शिकवावं?

तुम्ही डॉल्फिनवर पीएचडी करताय, विज्ञान शिक्षकांचं पाच दिवसांचं प्रशिक्षण तुमच्याकडे आलंय आणि व्याख्यानं कशाकशावर ठेवू, असं विचारलंय. मी सीलवर काम केलंय आणि आता शिक्षकांची प्रशिक्षणं घेते. माझं म्हणणं एवढंच, की व्याख्यानं जमतील तितकी कमी करा आणि तुमचा कच्चा डेटा त्यांच्या हातात द्या. देवमासा पिलाला दूध पाजतो हे शिक्षकांना माहीत असतं. असल्या गोष्टी शोधून कशा काढतात, हे त्यांना कुणी करायला दिलेलं नसतं, आणि वर्गात मुलं विचारतात ते नेमकं तेच.

पहिला अख्खा दिवस फोटो जुळवण्यात जाऊ द्या. डॉल्फिनच्या पाठीवरच्या पराच्या मागच्या कडेला खाचा असतात, त्यावरून एकेक प्राणी ओळखता येतो. बोटीच्या दोन वेगवेगळ्या फेऱ्यांतले फोटो टेबलावर पसरा आणि दोन्हीकडे असलेले प्राणी शोधायला सांगा. सुरुवातीचे फोटो पटापट जुळतात. मग एखादा असा येतो, की पर जरा तिरका आहे, कडेवर पाणी चमकतंय, आणि ती खाच आहे की थेंब यावरून वाद सुरू होतो. तुम्ही अजिबात मध्ये पडू नका.

वाद रंगला की गणित मांडा. समजा पहिल्या फेरीत 40 डॉल्फिन ओळखले, दुसऱ्या फेरीत 50, आणि त्यातले 20 आधी दिसलेले. एकूण डॉल्फिनचा अंदाज निघतो 40 गुणिले 50 भागिले 20, म्हणजे 100. आता त्या 20 पैकी पाच जोड्या नजरेतून सुटल्या असं धरा. भागायला 15 उरतात आणि उत्तर जातं 133 वर. समुद्रात एकही डॉल्फिन वाढलेला नाही! इथे कुणीतरी हमखास विचारतं, मधल्या काळात काही मेले किंवा दुसरीकडे गेले असतील तर? पिलांच्या परावर खाचाच नसतात, त्यांचं काय? पद्धतीची गृहीतकं अशी त्यांच्याच तोंडून बाहेर येतात. मला या कामातला सगळ्यात मोलाचा क्षण हाच वाटतो.

दीर्घकाळ चाललेला एखादा अभ्यासही दाखवा. अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो साउंडमध्ये वेडेल सीलचा अभ्यास 1968 पासून चालू आहे. पिलांच्या मागच्या परांना क्रमांकाचे बिल्ले लावतात, म्हणून पुढे ती स्वतः व्याली की त्यांचं नेमकं वय माहीत असतं. जन्मताना पिलू साधारण 25 ते 30 किलोचं, दीड महिन्यात 100 किलोच्या आसपास, आणि तेवढ्यात आईचं वजन जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने उतरलेलं. ही चरबी तिने आधीच्या महिन्यांत समुद्रातून कमावलेली असते. वजनांचा आलेख आधी त्यांनाच वाचू द्या, तुम्ही नंतर बोला.

अन्नसाखळीसाठी अलास्काजवळची अल्यूशन बेटं घ्या. सी ऑटर (समुद्री पाणमांजरं) जिथे आहेत तिथे केल्पचं, म्हणजे उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाचं, जंगल दाट, नाहीत तिथे सी अर्चिन, म्हणजे ऑटर खातात ते काटेरी प्राणी, ते फस्त करतात, हे संशोधक जेम्स एस्टिस यांनी 1970 च्या दशकात दाखवलं. 1990 च्या दशकात ऑटर झपाट्याने घटले. ऑर्का (किलर व्हेल) त्यांना खाऊ लागले असावेत, असं एस्टिस आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये मांडलं. ऑर्का ऑटरकडे का वळले, यावर मात्र संशोधकांत मतभेद आहेत. ते मतभेद लपवू नका. ‘कुठला पुरावा मिळाला तर तुम्हाला पटेल?’ एवढंच विचारा.

बोटीची फेरी चौथ्या दिवशी ठेवा, पहिल्या नको. तोवर नोंद कशी करायची हे त्यांना कळलेलं असतं: वेळ, लाटा, उजेड, कोण कुठल्या बाजूला बघतंय. काहीच न दिसलेला तासही लिहायचा. स्पर्म व्हेल पाऊण तास खाली राहू शकतो, बोट त्याच्या डोक्यावरून निघून जाते.

पाचव्या दिवशी त्यांनी एकमेकांना पाठ शिकवावेत आणि तुम्ही मागे बसावं. फोटोंचा पूर्ण संच प्रत्येकाला घरी न्यायला द्या. कृष्णधवल छापला तरी चालतो, पराची कड स्पष्ट दिसली म्हणजे झालं.