विंडोज न बिघडवता त्याच संगणकावर मिंट आणि फेडोरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : घरात एकच डेस्कटॉप आहे, त्यात ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (वेगवान साठवण डिस्क) आणि विंडोज ११ आहे. त्यावर भावाचे टॅलीचे हिशेब चालतात आणि ते काम एक दिवसही अडून चालणार नाही. मुलीच्या प्रोग्रॅमिंगच्या अभ्यासासाठी लिनक्स मिंट (लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमचा एक प्रकार) हवे आहे आणि जमल्यास फेडोरा (लिनक्सचाच दुसरा प्रकार) हेही वापरून पाहायचे आहे. या तिन्ही सिस्टीम एका संगणकावर वर्षानुवर्षे सुखाने चालू शकतात. मात्र माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक बिघाडांचे कारण लिनक्सच्या इन्स्टॉलेशनमध्ये नव्हते. त्याआधी विंडोजमध्ये करायची तयारी राहून गेली होती. म्हणून तिच्याविषयी अधिक लिहितो.

सर्वप्रथम डिस्क एन्क्रिप्ट (सांकेतिक रूपात कुलूपबंद) झालेली आहे का ते पाहा. नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन केल्यावर डिव्हाइस एन्क्रिप्शन अनेकदा आपोआप सुरू होते आणि घरातल्या कोणालाही त्याची कल्पना नसते. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' या भागात ते दिसते. ते चालू असताना तुम्ही सिक्युअर बूटची (मान्यताप्राप्त सही असलेलीच सिस्टीम सुरू होऊ देणारी) सेटिंग किंवा बूट होण्याचा क्रम बदललात, तर टीपीएम या सुरक्षा चिपच्या लक्षात तो बदल येतो आणि पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ही की नसेल तर डिस्कवरील मजकूर परत मिळवण्याचा मार्ग उरत नाही. त्यामुळे ती खात्यातून शोधून कागदावर उतरवून ठेवा, किंवा एन्क्रिप्शन बंद करून संपूर्ण डिस्क डिक्रिप्ट होईपर्यंत थांबा. टॅलीच्या डेटाची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून खात्री करा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर भावाचे वर्षभराचे हिशेब सोपवू नका.

त्यानंतर 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. कंट्रोल पॅनलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाने काय व्हावे हे जिथे ठरवतात, तिथे ही खूण असते. ती चालू असते तेव्हा 'शट डाउन' केल्यावरही विंडोज पूर्णपणे बंद होत नाही. आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ते अर्धवट झोपी जाते आणि त्याची एनटीएफएस (विंडोजच्या फाइल-रचनेची) पार्टिशने (डिस्कचे भाग) वापरात असल्यासारखी राहतात. अशा पार्टिशनवर लिनक्समधून लिहू दिले जात नाही, आणि बळजबरीने लिहिलेच तर फाइल खराब होण्याचा धोका असतो. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ही खूण पुन्हा उमटलेली नाही ना, हेही अधूनमधून पाहा.

तुमच्या संगणकावर विंडोज ११ असल्यामुळे तो बहुधा यूईएफआय या नव्या पद्धतीने बूट होतो आणि डिस्कची पार्टिशने जीपीटी या नव्या प्रकारे मांडलेली आहेत, त्यामुळे जुन्या एमबीआरमधील चार प्रायमरी पार्टिशनांची मर्यादा तुम्हाला नाही. एक गोष्ट मात्र तपासावी लागेल. काही तयार संगणकांत इंटेलचे आरएसटी किंवा व्हीएमडी (डिस्क हाताळण्याची इंटेलची पद्धत) चालू असते आणि मग लिनक्सच्या इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नाही. उपाय म्हणून ती सेटिंग थेट एएचसीआय या सर्वसाधारण पद्धतीवर नेली, तर विंडोज सुरू होणे बंद होते. आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी व्यवस्था करावी, मग सेटिंग बदलावी, एकदा सेफ मोडमध्ये जाऊन यावे आणि मग नेहमीच्या पद्धतीवर परतावे. एवढ्या क्रमाने विंडोज योग्य ड्रायव्हर उचलते.

आता मुख्य सल्ला. हिशेबाचे काम अडता कामा नये असे तुम्हीच लिहिले आहे, तेव्हा शक्य असेल तर दोन्ही लिनक्ससाठी वेगळी एसएसडी घ्या. २५० किंवा ५०० जीबीची साधी साटा एसएसडीही पुरते. यूईएफआयमध्ये बूटच्या फाइली 'ईएफआय सिस्टीम पार्टिशन' या फॅट३२ प्रकारच्या लहानशा पार्टिशनमध्ये असतात आणि एका डिस्कवरच्या सर्व सिस्टीम तेच पार्टिशन वापरतात. वाद होतो तो तिथे. वेगळ्या डिस्कवर वेगळे बूट पार्टिशन असेल, तर लिनक्सची कितीही उलथापालथ झाली तरी विंडोजच्या डिस्कला धक्का लागत नाही.

पण इथे एक खोच आहे. मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) कुठे टाकायचा हे विचारले जाते, तुम्ही नवी डिस्क निवडता, आणि तरीही तो बूटच्या फाइली पहिल्या डिस्कवरील, म्हणजे विंडोजच्या, पार्टिशनमध्ये टाकतो. उबंटूकडून आलेल्या या इन्स्टॉलरचा हा दोष जुना आणि सर्वज्ञात आहे. म्हणून संगणक बंद करून, वीज काढून, विंडोजची एसएसडी एक स्क्रू सोडवून बाहेर काढा, मिंट बसवा, आणि मग ती परत लावा. दहा मिनिटांच्या या कामामुळे दोन्ही डिस्क खरोखर स्वतंत्र राहतात. त्यानंतर कोणती सिस्टीम हवी ते मदरबोर्डच्या बूट मेन्यूतून निवडता येते. त्याची कळ बहुतेकांत एफ१२ असते, काहींत एफ८, एफ९ किंवा एफ११.

दुसरी डिस्क घेणे शक्य नसेल तर आहे त्याच एसएसडीत जागा काढावी लागेल. विंडोजचे पार्टिशन नेहमी विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करा, लिनक्सच्या साधनांनी नको. भरपूर जागा मोकळी असूनही ते थोडीच जागा सोडायला तयार होते, याचे कारण पेजफाइल, हायबरनेशनची फाइल आणि रिस्टोर पॉइंट या विंडोजच्या स्वतःच्या फाइली मध्येच ठाण मांडून बसलेल्या असतात. या तिन्ही गोष्टी तात्पुरत्या बंद करून संगणक पुन्हा सुरू केला की बहुधा हवी तेवढी जागा मिळते. मिंटला किमान २० जीबी लागते आणि १०० जीबीची शिफारस आहे. फेडोराला ६० जीबी द्या. पार्टिशनचा आकार बदलत असताना वीज गेली तर नुकसान मोठे होऊ शकते, म्हणून संगणक यूपीएसवर असेल तेव्हाच हे काम हाती घ्या आणि पावसाळी संध्याकाळ टाळा.

मिंट बसवताना 'समथिंग एल्स' हा पर्याय निवडा, म्हणजे प्रत्येक पार्टिशन डोळ्यांसमोर राहते. एकाच डिस्कवर बसवत असाल तर आधीचे ईएफआय पार्टिशन फक्त वापरायचे आहे, फॉरमॅट करायचे नाही. फॉरमॅटची चौकट चुकूनही भरू नका. सिक्युअर बूट चालू असेल आणि एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असेल, तर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो. पहिल्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर 'एनरोल मॉक' असा (ड्रायव्हरची सही मान्य करण्याचा) पर्याय येतो, तो निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईने 'कंटिन्यू बूट' केले की ड्रायव्हर लागू होत नाही आणि मग कार्डच खराब आहे असा समज होतो.

तिसरी सिस्टीम म्हणून तुम्ही फेडोरा निवडलेत हे योग्यच झाले. मिंट आपल्या बूटच्या फाइली 'उबंटू' याच नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते, त्यामुळे मिंट आणि उबंटू एकाच ईएफआय पार्टिशनवर बसवले तर एकाच्या फाइली दुसऱ्यावर लिहिल्या जातात. फेडोराचा फोल्डर वेगळा असतो. तरी मिंटच्या ग्रब या बूटलोडरच्या मेन्यूतून फेडोरा सुरू करण्याची सवय लावू नका : त्या मेन्यूत फेडोराचा त्या वेळचा कर्नल (सिस्टीमचा गाभा) नोंदलेला असतो, आणि फेडोरात कर्नल वरचेवर बदलत असल्याने ती नोंद लवकरच शिळी होते. मदरबोर्डच्या मेन्यूतून थेट फेडोरा निवडणे अधिक भरवशाचे. दोन्हींना एकच होम (वैयक्तिक फाइली व सेटिंग्जचे) पार्टिशन देऊ नका. एकाच प्रोग्रॅमच्या दोन आवृत्त्या तीच सेटिंग्ज बदलू लागतात.

फोटो आणि अभ्यासाच्या फाइली तिन्हींकडून उघडायच्या असतील तर एक एनटीएफएस पार्टिशन वेगळे ठेवा. एक्सफॅटही चालते, पण त्यात जर्नल (अर्धवट राहिलेले लिखाण सावरणारी नोंद) नसते, आणि वीज जाण्याचा त्रास असलेल्या घरात ही उणीव महत्त्वाची आहे.

घड्याळाचा गोंधळही तुम्हाला दिसेल. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असे धरते, तर लिनक्स तिथे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहिते. त्यामुळे लिनक्स वापरून परत आल्यावर विंडोजमध्ये संध्याकाळचे सहा वाजता दुपारचे साडेबारा दिसतात. दोन्ही लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल ही आज्ञा वापरून मदरबोर्डचे घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवण्याची सूचना द्या. ज्या देशांत उन्हाळी वेळेसाठी घड्याळ मागेपुढे करतात तिथे याला आक्षेप घेतला जातो. भारतात ती अडचण नाही.

विंडोजचे अपडेट लिनक्स पुसून टाकते ही भीती अवाजवी आहे, तरी बूटचा क्रम बदलणे किंवा बायोस (मदरबोर्डचे सॉफ्टवेअर) अपडेटनंतर लिनक्सची नोंद नाहीशी होणे असे प्रकार होतात. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या सुरक्षा अपडेटनंतर तर सिक्युअर बूट चालू असलेल्या अनेक संगणकांवर लिनक्स सुरूच होईना, आणि मायक्रोसॉफ्टने तो दोष मान्य केला. अशा वेळी डेटा जागच्या जागी असतो. मिंटचा पेन ड्राइव्ह जपून ठेवला असेल, तर त्यातील 'बूट रिपेअर' वापरून बहुतेक वेळा काम भागते.

उद्या फेडोरा नकोसे झाले तर त्याचे पार्टिशन लगेच पुसू नका. आधी मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये मिंट किंवा विंडोज पहिल्या क्रमांकावर आणा, तसे बूट होते याची खात्री करा, आणि मगच ते पार्टिशन व ईएफआयमधील 'फेडोरा' हा फोल्डर काढा. क्रम उलटा झाला तर काळ्या पडद्यावर ग्रबची ओळ येऊन संगणक तिथेच थांबेल, आणि भावाला नेमके त्याच सकाळी टॅली लागेल.