सामाईक विहिरीची पाळी

प्रश्न: चुलतभावाची आणि माझी विहीर निम्मी-निम्मी. लाइट आठ तास. पहिले चार तास तो मोटार लावतो, नंतरचे चार माझे. यंदा त्याने ऊस लावला. माझी मोटार तासाभरात हवा धरते आणि कांदा सुकतोय. काय करावं?

उत्तर: रात्रभर झऱ्यांनी भरलेलं पाणी रोज पहिल्या पाळीत उपसलं जातं. तुम्हाला मागाहून पाझरलेलं तेवढं मिळतं. त्यात त्याची मोटार साडेसात एचपीची (अश्वशक्तीची) आणि तुमची पाच एचपीची असेल, तर तास मोजून उपयोग नाही. (उसावरचा राग मात्र सोडा. आपल्या हिश्श्याचं पाणी त्याने कशालाही द्यावं.)

पाळी दिवसाआड करा. एक दिवस पूर्ण त्याचा, दुसरा तुमचा, म्हणजे रात्रीची भर दोघांना सारखी.

मग विहिरीच्या बांधकामावर ऑइलपेंटने फुटाफुटाच्या खुणा मारा. 25 फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे 14 हजार लिटर. एकरभर कांद्याला 5 सेंटिमीटर पाणी दिलं, तर 2 लाख लिटर लागतात, म्हणजे विहिरीतलं साडेचौदा फूट. सकाळी पाणी कुठल्या खुणेवर होतं आणि मोटार बंद केली तेव्हा कुठे उतरलं, हे पंधरा दिवस वहीत लिहा, दोघांनीही. विहीर किती एकर भिजवू शकते ते त्यातूनच कळेल. पाटपाणी सोडून ठिबक किंवा तुषार केलंत, तर तेवढ्याच पाण्यात जास्त भागेल.

आणखी एक तोड आहे. काढणीआधी 15 ते 20 दिवस कांद्याचं पाणी तोडावंच लागतं. त्या दिवसांतल्या तुमच्या पाळ्या उसाला देऊ करा आणि त्या बदल्यात आत्ता दोन पाळ्या जादा मागा. कांदा पोसायच्या वेळेला त्या दोन पाळ्यांचं मोल फार आहे. जे ठरेल ते कागदावर घ्या, दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांसह.

पाळी ठरवून द्यायचा अधिकार कृषी खात्याला नाही. उद्या त्याने तुमचं पाणी अडवलंच, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. जाताना सातबारा न्या, इतर हक्कांत विहिरीचा हिस्सा नोंदलेला आहे ना ते आधी बघून. तोवर त्याच्या मोटारीची केबल सोडवू नका, नाहीतर पहिला अर्ज तुमच्याच नावावर जायचा.