वस्तूंना ‘प्रतिसाद’ देता येतो का?

प्रश्न असा आहे: एका चित्रकर्तीने राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते, दिवे, वज्र्या पाहून नवी चित्रं केली आहेत. पुण्यातल्या प्रदर्शनाच्या पत्रकात ‘संग्रहाला दिलेला दृश्य-प्रतिसाद’ असं छापायचं घाटतंय. चालेल का?

व्याकरणाने चालेल. पण वाचणाऱ्याला आधी दुसराच अर्थ लागेल. ‘प्रदर्शनाला प्रतिसाद कसा होता?’ म्हणजे माणसं किती आली, चित्रं किती खपली. वर्तमानपत्रांनी ‘उत्स्फूर्त’ आणि ‘उदंड’ लावून लावून या शब्दाला गर्दी मोजायच्या कामाला जुंपलंय. उरलासुरला तो डॉक्टरांकडे: पेशंट उपचारांना प्रतिसाद देतोय.

मूळ मात्र झकास आहे. संस्कृत ‘शब्द’चं प्राकृतात ‘सद्द’ झालं, मराठीत ‘साद’. तसंच ‘प्रतिशब्द’चं ‘पडिसद्द’ होऊन ‘पडसाद’ झाला. त्यातला ‘पड’ म्हणजे पडछायेतलाच. ‘प्रतिसाद’ हे जोडकाम, डोकं संस्कृत आणि धड मराठी. (‘प्रतिशब्द’ स्वतः आता पर्यायी शब्द सुचवण्यापुरता उरलाय.) पडसाद आपोआप उमटतात, ते कुणी देत नाही. प्रतिसाद द्यावा लागतो, आणि त्याआधी कुणीतरी साद घातलेली असावी लागते. अडकित्त्याने साद घातली असं म्हणायचंच असेल, तर ती वाक्यात दिसू द्या.

कलाकारांना संग्रहालयात बोलावून तिथल्या वस्तूंवरून नवं काम करून घेण्याची ही पद्धत आपल्याकडेही रुळली आहे. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात २०१० च्या सुमारास सुदर्शन शेट्टी, जितिश कल्लाट यांची अशी प्रदर्शनं झाली. पद्धतीबरोबर तिची इंग्रजी परिभाषाही आली, आणि ‘प्रतिसाद’ हा तिच्यातल्या ‘रिस्पॉन्स’चा शब्दशः तर्जुमा. त्याच परिभाषेतल्या ‘इंटरव्हेन्शन’साठी ‘हस्तक्षेप’ तर चुकूनही नको. कुणी कपाटाची काच फोडून आत हात घातला असं वाटतं.

मी सरळ लिहीन: ‘केळकर संग्रहालयातल्या वस्तूंवरून सुचलेली चित्रं’. ‘आधारित’ नको, ते कादंबरीवरच्या सिनेमासारखं वाटतं. ‘वरून’मध्ये उगमही येतो आणि पुढे भरकटायची मोकळीकही.

पण तुम्ही पाठवलेल्या फोटोंतल्या एका चित्राला हे कमी पडतं. वज्री म्हणजे आंघोळीत टाच घासायची पितळी वस्तू: तळ खरखरीत, वर धरायला मोर किंवा हत्ती, काहींच्या पोटात खडे, घासताना वाजणारे. चित्रात मोर पुसट आहे आणि भेगाळलेली टाच मोठी. घडवणाऱ्याने मोरावर जीव ओतला, टाच गृहीत धरली. चित्रकर्तीने नेमकी तीच पुढे आणली. इथे मला ‘जवाब’ म्हणावंसं वाटतं, तमाशातल्या सवाल-जवाबातला. ‘जबाब’ मात्र लिहू नका, तो पोलीस चौकीत नोंदवतात. हा संग्रह जमवणारे दिनकर केळकर (१८९६–१९९०) ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहीत. त्यांच्या दारातल्या वस्तूंशी सवाल-जवाब करायला हरकत नसावी.

आणि ‘दृश्य’ काढून टाका. चित्रं आहेत, दिसणारच.