नवी चेन टाकली तरी स्प्रॉकेटवरून उडते, का?

प्रश्न निपाणीकडच्या गुऱ्हाळातल्या ऊस कन्व्हेयरचा आहे: गिअरबॉक्सवरची एक इंची चेन नवी टाकली, तरी आठवड्यात कटकट करत स्प्रॉकेटच्या (दातेरी चाकाच्या) दातावरून उडतेय. चेनला दोष देऊ नका, आधी दात बघा.

दाताचं टोक ओढत नाही. रोलर (चेनच्या दुव्यातलं फिरणारं नळकांडं) दोन दातांमधल्या खळग्यात बसतो आणि बुडाशी जोर घेतो. जुनी चेन पिन-बुश (दुवे जोडणारी पिन आणि तिच्यावरची नळी) झिजून लांबते, रोलर खळगा सोडून दातावर वर चढतो आणि दात आकड्यासारखा वाकडा झिजवतो. अशा दाताला नव्या चेनचं माप जुळत नाही. रोलर सुटताना आकड्यात अडकतो, म्हणून आवाज. आता दोन्ही स्प्रॉकेट बदला. एकच बदलून पैसे वाचत नाहीत.

पुढच्या वेळी चेन ताणून 12 पिच मोजा (पिच म्हणजे शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर, इथे एक इंच). नवीन असताना 304.8 मिमी भरतात. 311 च्या आसपास गेले की 2 टक्के वाढ झाली, चेन काढा. त्यापुढे चालवली तर दात जातातच.

लहान स्प्रॉकेटला 17 पेक्षा कमी दात नकोत, झटके बसतात. दातसंख्या विषम ठेवा: चेनचे दुवे सहसा सम संख्येत असतात, मग तोच रोलर त्याच दातावर लगेच परत येत नाही.

दाताची बाजू एकीकडे चकाकत असेल तर दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत नाहीत. सरळ पट्टी लावून बघा. आणि चोथ्याच्या भुश्यात मिसळलेलं ग्रीस वरून थापू नका, ते पिनपर्यंत पोचत नाही. ब्रशने पातळ तेल द्या.