पैसे भरून तीन दिवसांत रिसर्च पेपर छापून घेण्यात काही गैर आहे का?

विचारणाऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पीएच.डी.चं तिसरं वर्ष चालू आहे. गाईड म्हणतात, एका जर्नलला अडीच हजार भर, तीन दिवसांत पेपर येतो, प्रमाणपत्रही मिळतं. वर त्यांचं आणि आणखी एका सरांचं नाव घालायचं आहे. सगळेच असं करतात, मग यात चूक काय?

चूक आहे. तुम्ही मोकळेपणाने विचारलंत, म्हणून मीही आडपडदा न ठेवता सांगते. २०१३ साली मी स्वतः हेच केलं होतं.

मी कोकणातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीला एपीआयचे, म्हणजे शिकवणं आणि संशोधन आकड्यांत मोजणारे, गुण आणले आणि कॅसच्या, म्हणजे बढती योजनेच्या, फाईलमध्ये पेपर मोजले जाऊ लागले. माझ्याकडे एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, दोन पावसाळे हिंडून केलेली वनस्पतींची यादी होती. दिपकाडी पहिल्या पावसाबरोबर फुलते आणि थोड्याच दिवसांत दिसेनाशी होते. तिची झाडं मी दोरीने चौकटी आखून, गुडघ्यांवर बसून मोजली होती. फाईल द्यायची तारीख जवळ आली होती. स्टाफरूममध्ये कुणीतरी एका जर्नलचा ईमेल दिला आणि मी पेपर पाठवून दिला.

तिसऱ्या दिवशी स्वीकृतीचं पत्र आलं. रिव्ह्यू, म्हणजे छापण्याआधी विषयातल्या तज्ज्ञांनी केलेली तपासणी, म्हणून सोबत एक पान होतं. त्यावर पाच ओळी होत्या आणि पाचही ओळींपुढे ‘एक्सलंट’वर बरोबरची खूण. पैसे भरायचे होते एका माणसाच्या बचत खात्यात. तेव्हाच शंका यायला हवी होती, आलीही होती, पण भरले. पेपर छापून आला, सोनेरी किनारीचं प्रमाणपत्रही आलं. शीर्षकात दिपकाडीच्या शास्त्रीय नावाचं स्पेलिंग चुकलं होतं. चूक माझीच होती. पण कुणी एका माणसाने जरी तो पेपर वाचला असता, तरी पहिल्याच ओळीत ती दिसली असती.

काही वर्षांनी त्या सड्याच्या एका अंगाला चिऱ्याची खाण सुरू झाली. मी पुन्हा मोजणी केली आणि या वेळी पेपर एका चांगल्या जर्नलला पाठवला. पाच महिन्यांनी दोन रिव्ह्यूअरची पत्रं आली. एकाने विचारलं होतं, फुलांची मापं किती फुलांवरून घेतलीत, आणि नमुने कोणत्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जमा केलेत? मी चारच फुलं मोजली होती. पुढच्या मृगापर्यंत थांबून परत जावं लागलं. राग आला, पण त्याचं म्हणणं रास्त होतं. दुसऱ्याचा प्रश्न साधा होता: खाणीच्या आधी या सड्याची कुणी पाहणी केली होती का? असल्यास संदर्भ द्या.

केली होती, मीच केली होती. पण त्या जर्नलची वेबसाईट बंद पडली होती आणि पेपर कुठेच मिळत नव्हता. जुनी आकडेवारी नवी म्हणून पुन्हा छापणंही बरोबर नव्हतं, कारण तीच माहिती दोनदा छापणं हा प्रकाशनातला गैरप्रकारच. शेवटी संपादकांना सगळी हकिगत लिहून कळवली. जुनी वही स्कॅन करून पुरवणी म्हणून जोडली, आणि ती माहिती आधी कुठे छापली होती हे पेपरमध्ये स्पष्ट लिहिलं. खाणीत गेलेला तो भाग आता कुणालाच मोजता येणार नाही. माझ्याकडचं सगळ्यात मोलाचं काम मी अडीच-तीन हजार रुपये भरून माझ्या हातानेच पुरून टाकलं होतं. तुमच्या पेपरमध्ये खरं काम असेल, तर त्याचंही हेच होईल.

आता ‘सगळेच करतात’बद्दल. २०१७ साली यूजीसीने मान्यताप्राप्त जर्नलची यादी काढली. तिच्यातली कितीतरी नावं विद्यापीठांनीच सुचवलेली होती. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांनी सुचवलेल्या त्या नावांतली काही नावं निवडून तपासली. २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात १,००९ जर्नलची छाननी होती, आणि त्यातली ८८ टक्क्यांहून जास्त हलक्या दर्जाची असावीत असा निष्कर्ष होता. कुणाचा पत्ता नाही, कुणाच्या संपादकांची नावं नाहीत, कुणाचा आयएसएसएन हा नोंदणी क्रमांक चुकीचा, कुणाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे पेपरना किती संदर्भ मिळतात त्यावरून काढलेला आकडा, खोटा. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नल यादीतून काढून टाकली. पुढे २०१९ मध्ये यूजीसीची ‘केअर’ ही निवडक जर्नलची नवी यादी आली, तिचं काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चालायचं. मग यादीतल्या चांगल्या जर्नलच्या नावाने हुबेहूब नकली वेबसाईटी निघाल्या. २०२५ च्या फेब्रुवारीत यूजीसीने केअर यादीही बंद केली आणि जर्नल पारखायची जबाबदारी संस्थांवर सोपवली. त्यामुळे ‘यादीत आहे ना’ म्हणून सुटका करून घ्यायची सोयही आता उरलेली नाही.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा आहे असंही नाही. २०१३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकासाठी जॉन बोहॅनन या पत्रकाराने एक खोटा पेपर रचला. लायकेनमधून, म्हणजे आपलं मसाल्यातलं दगडफूल ज्या गटातलं त्यातून, काढलेलं द्रव्य कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखतं असा त्यात दावा होता. प्रयोगातल्या चुका अशा ढोबळ ठेवल्या होत्या, की जाणकाराला चटकन दिसाव्यात. ३०४ जर्नलना तो पाठवला, १५७ नी स्वीकारला. असा पेपर वाचून एखाद्या रुग्णाच्या घरच्यांनी काय केलं असतं, याचा विचार केला तर पोटात गोळा येतो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशन कंपनीला ५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायचा आदेश दिला. रिव्ह्यू होतो असं खोटं सांगणं, फी लपवणं, तज्ज्ञांची नावं त्यांना न विचारता संपादक म्हणून छापणं, हे आरोप त्या खटल्यात होते.

एक गैरसमज मात्र दूर करते. फी घेतली म्हणजे जर्नल बोगस, असं नसतं. कुणालाही फुकट वाचता येणारी कितीतरी चांगली जर्नल लेखकाकडून फी घेतात, पण ती आधी जाहीर करतात आणि पेपर नाकारायचं स्वातंत्र्य ठेवतात. उलट आयएसएसएन म्हणजे दर्जाचा शिक्का, ही समजूत चुकीची आहे. तो नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक आहे, दिल्लीच्या केंद्रातून विनामूल्य मिळतो, आतला मजकूर कुणी तपासत नाही.

मग ओळखायचं कसं? मी विद्यार्थ्यांना सांगते, आधी मागचे तीन अंक उघडून वाचा. एकाच अंकात मराठी कविता, जीएसटी आणि मधुमेह शेजारी शेजारी असतील, तर तिथून उठा. मग संपादक मंडळातल्या एखाद्या प्राध्यापकाचा ईमेल जर्नलच्या पानावरून न घेता त्यांच्या विद्यापीठाच्या वेबसाईटवरून शोधा, आणि ‘आपण या जर्नलवर आहात का?’ एवढंच विचारा. माझ्या एका विद्यार्थिनीला उत्तर आलं, ‘हे नाव मी आजच ऐकतोय.’ जर्नल ‘कोप’ या संपादकांच्या नीतिविषयक संस्थेची सभासद असल्याचं सांगत असेल, तर ते कोपच्या वेबसाईटवर जाऊन बघा. जर्नलच्या पानावरचा लोगो कुणीही चिकटवू शकतो.

नावांचा मुद्दा तुमच्यासाठी जास्त अवघड आहे हे मला कळतं, सरांशी रोजचा संबंध आहे. वैद्यकीय जर्नलच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कुणाला म्हणावं याच्या चार अटी घातल्या आहेत आणि इतर विषयांतही त्या मानल्या जातात. कामात भरीव वाटा हवा, लिहिण्यात किंवा मजकूर कसून तपासण्यात सहभाग हवा, अंतिम मसुद्याला संमती हवी आणि सगळ्या कामाची जबाबदारी घ्यायची तयारी हवी. चारही हव्यात. तुमच्या गाईडनी विषय आखला असेल, मसुदा दुरुस्त केला असेल, तर त्यांचं नाव हक्काने येतं. पण ज्यांनी कामाला हात लावलेला नाही त्या दुसऱ्या सरांचं नाव येत नाही. मदत केली असेल तर शेवटी ऋणनिर्देशात त्यांचे आभार माना. सरांना तोंडावर ‘हे अनैतिक आहे’ म्हणू नका. तिन्ही लेखकांनी काय काय केलं ते लिहायचा तक्ता बऱ्याच जर्नलना लागतो. तो कोरा तक्ता त्यांच्यापुढे ठेवा आणि ‘सर, यांच्या नावापुढे काय लिहू?’ असं विचारा.

आणखी एक, कदाचित तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. पीएच.डी.साठी पेपर छापणं यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत सक्तीचं राहिलेलं नाही. तुमच्या विद्यापीठाने स्वतःच्या नियमात ठेवलं असू शकतं, म्हणून पीएच.डी. विभागात जाऊन लेखी नियम मागा. सक्ती नसेल, तर ही घाई कशासाठी चालली आहे?

पेपर पाठवून झाला असेल पण पैसे भरले नसतील, तर कॉपीराईटच्या फॉर्मवर सही करू नका आणि आजच दोन ओळींची मेल टाका: ‘मी माझा पेपर मागे घेत आहे. तो छापण्यास माझी संमती नाही.’ मागे घ्यायचे म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. त्या मेलची प्रत गाईडना पाठवा आणि स्वतःकडे छापून ठेवा.