न्यू जर्सीहून आई-बाबांना घेऊन पेनसिल्व्हेनियातल्या रिकेट्स ग्लेन स्टेट पार्कचा धबधब्यांचा ट्रेल एका दिवसात होईल का?

होईल. पण तुम्हीच लिहिलंय की बाबा रोज तासभर फिरायला जातात आणि आईचा गुडघा दुखतो. तेव्हा बेत आईच्या गुडघ्याकडे बघून ठरवा, बाबांच्या उत्साहाकडे बघून नको. तुम्ही दोघं आणि आई-बाबा, अशा चौघांनी मिळून पूर्ण फेरी करायच्या भानगडीत पडू नका.

आम्ही एडिसनहून जातो. आय-८० महामार्ग धरून अडीच-तीन तास लागतात. पेनसिल्व्हेनियाच्या स्टेट पार्कांना प्रवेश फी नाही, त्यामुळे तो खर्च धरू नका.

आधी ट्रेलची रचना समजून घ्या. किचन क्रीक नावाच्या ओढ्याच्या दोन शाखा दोन घळींतून खाली येतात, एक गनोगा ग्लेन आणि दुसरी ग्लेन ली. त्या जिथे मिळतात ती जागा वॉटर्स मीट. गनोगाच्या घळीत १० धबधबे, लीच्या घळीत ८, संगमाच्या खाली आणखी ३. खालच्या ११८ नंबरच्या रस्त्यापासून सगळं केलं तर ७.२ मैल होतात. वरच्या लेक रोझ पार्किंगपासून दोन्ही घळींची फेरी केली तर ३.२ मैल चालून १८ धबधबे बघून होतात. बहुतेक लोक हेच करतात, तुम्हीही लेक रोझलाच गाडी लावा.

खरी गोम इथेच आहे. आपल्याला गड चढायची सवय: आधी दम लागतो, परतीला उतार. इथे सगळं उलटं. ताज्या पायांनी मजेत उतरत जायचं आणि दमल्यावर चढायचं. शिवाय पायऱ्या ओबडधोबड दगडांच्या, धबधब्याच्या तुषारांनी कायम ओल्या, आणि बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. कर्नल रिकेट्स या जमीनमालकाने १८८९ ते १८९३ मध्ये सहा माणसं लावून ही वाट करवून घेतली. हा गेटिसबर्गच्या लढाईत तोफखाना सांभाळलेला माणूस, पुढे लाकडाच्या धंद्यात पडला; आजूबाजूचं जंगल तुटलं, पण या घळी त्याने राखल्या. म्हणून हेमलॉक या सूचिपर्णी वृक्षाची इतकी जुनी झाडं अजून तिथे दिसतात.

तर आईंसाठी असं करा. गनोगाच्या बाजूने उतरायला लागा. मोहॉक, ओनायडा, कायुगा आणि मग गनोगा असे चार धबधबे लागतात. गनोगा ९४ फुटांचा, पार्कातला सगळ्यात उंच. म्हणजे सर्वात देखणा भाग सुरुवातीलाच बघून होतो. तिथे निवांत बसा, फोटो काढा आणि तुमच्यापैकी एकाने आईंसोबत आल्या वाटेने परत यावं. उरलेल्या दोघांनी वॉटर्स मीटपर्यंत उतरून ग्लेन लीने चढावं आणि दोन्ही घळींची वरची टोकं जोडणाऱ्या हायलँड ट्रेलने पार्किंगला यावं. ली जास्त अरुंद आहे आणि चढही खडा वाटतो, पण ओल्या दगडावरून उतरण्यापेक्षा चढणं बरं. बाबांना घेऊन या फेरीला तीन-चार तास धरा. मोबाइलला रेंजचा भरवसा नाही, म्हणून कुठे आणि किती वाजता भेटायचं ते आधीच ठरवा.

पाणी बघायचं तर एप्रिल-मे किंवा चांगला पाऊस होऊन गेल्यावर. ऑगस्टमध्ये धार बारीक होते. ऑक्टोबरात पानांचे रंग असतात आणि त्यासोबत तुफान गर्दी. शनिवार-रविवार असेल तर सकाळी लवकर पोचा. हिवाळ्यात पायऱ्यांवर बर्फ गोठतो, क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे काटे) आणि दोरासारखं साहित्य असल्याशिवाय या वाटेवर जाऊच देत नाहीत. आई-बाबांचा व्हिसा डिसेंबरपर्यंत असला तरी तेव्हाचा विचार सोडा.

चपला-सँडल नकोत, चांगल्या पकडीचे बूट हवेत. आईंना काठी द्या. फुल पँट घाला आणि घरी आल्यावर अंगावर गोचीड नाही ना ते नीट बघा, या भागात गोचीड चावून होणारा लाइम रोग बराच आहे. घळींमध्ये पाण्यात उतरायला बंदी आहे. बाबांना "नुसते पाय बुडवतो" असं वाटणारच, त्यांना पार्कातल्याच लेक जीन या तळ्यावर न्या. तिथे बाकं आहेत, धपाटे-दही तिथेच उघडा.

आणि परतताना डोंगर उतरून ११८ वरच्या पार्किंगला दहा मिनिटं थांबा. तिथून अ‍ॅडम्स फॉल्स अगदी जवळ आहे, आईंनाही सहज बघता येईल.