“मला बरं वाटतंय, हे बरं आहे का?”

“हे गेले आणि मी सुधारले. असं कसं चालेल, सांगा बरं?” पुण्यातल्या सहकारनगरहून समुपदेशनासाठी आलेल्या काकूंनी बसल्या बसल्याच विचारलं. वय ७१. मुलगी सोबत आली होती, तिला त्यांनी बाहेरच थांबवलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. प्रश्न मात्र त्यांचाच आहे, आणि कोविडनंतर अनेक ज्येष्ठांनी तो मला आपापल्या शब्दांत विचारला आहे.

२०२१च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत काका गेले. शेवटची भेट नाही. काकू स्वतः पॉझिटिव्ह, मागच्या खोलीत बंद. वैकुंठ स्मशानभूमीत मुलगा एकटाच गेला.

काकूंनी पिशवीतून घरखर्चाची वही काढली. मार्चअखेरपर्यंत काकांचं बारीक, तिरकं अक्षर. मग काही कोरी पानं. त्यानंतर काकूंचं मोठं, गोल अक्षर: दूध, बीपीच्या गोळ्या, लाइट बिल. ज्या बाईने संसारात कधी बँकेची पायरी चढली नव्हती, ती नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला एकटी गेली. आता सोसायटीतल्या तिघींचे पेन्शनचे फॉर्म त्याच भरून देतात. सकाळी तळजाईच्या टेकडीवर जातात, मैत्रिणी झाल्या आहेत. “नणंद म्हणाली, दादा गेला आणि वहिनी मोकळी झाली.” हे सांगताना त्यांचा आवाज बसला.

मोठ्या आघाताशी झगडताना काही माणसं आतून वाढतात. टेडेस्की आणि कॅलहून या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात त्यावर सविस्तर मांडणी केली. त्यांचं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं: ही वाढ आघातामुळे होत नाही, त्याच्याशी झुंजताना होते, आणि दुःख तिच्या शेजारीच नांदत असतं. सगळ्यांची अशी वाढ होत नाही, व्हायलाच हवी असंही नाही. म्हणून “कोविडने खूप काही शिकवलं” हे वाक्य मी कुणा ज्येष्ठासमोर उच्चारत नाही.

काकूंना हे सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. “म्हणजे हे असते तर मी तशीच राहिले असते?”

“कदाचित, काकू.”

त्या रडल्या. मी समजूत घातली नाही. “नाही हो, तसं काही नसतं,” म्हणणं सोपं होतं, पण ते खोटं ठरलं असतं.

नंतर मी वही उघडून त्या कोऱ्या पानांवर बोट ठेवलं. “इथे काय झालं?”

तोवर त्या एप्रिलबद्दल त्या “गेले दिवस कसेतरी” एवढंच म्हणाल्या होत्या. आता तासभर बोलल्या. दवाखान्यात पाठवलेला स्टीलचा डबा काकांच्या चष्म्याबरोबर पिशवीतून परत आला होता, न उघडलेला. तो कुणी रिकामा केला, कुणी घासला, त्यांना आठवत नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, टोचत होती ती ही न बोललेली पानं. बँक आणि तळजाई यांच्यावर उगाच आळ आला होता.

घरातल्या ज्येष्ठांची झोप किंवा भूक गेली असेल, गेलेल्या माणसाचं नावही ते टाळत असतील, तर समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना जरूर भेटा. ते हसतात, फिरायला जातात, नवं शिकतात, याची काळजी करू नका. त्यांना टोमणे तर मुळीच मारू नका.

तिसऱ्या भेटीला काकूंनी वही पुढे केली. पहिल्या कोऱ्या पानावर त्या गोल अक्षरात दोन ओळी होत्या: “डबा परत आला. मेथीची भाजी होती, ह्यांना आवडते म्हणून.”